माझ्या कट्ट्याची कड

तीर्थरूप बाबांना वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

मी बांधलेल्या दगडी कट्ट्यावर शहरभरची पोरंपोरी स्केटबोर्ड घेऊन येतात. इथे कट्टे ढीगभर आहेत, पण त्यांना माझाच लागतो! आधी कडेवरून तळहात फिरवतात, अगदी तुमच्यासारखा. मग उडी मारून त्या कडेवरून सर्रकन घसरत जातात. बघतच राहावं!

काल साहेब म्हणाले, "कडेला लोखंडी खुंट्या ठोक, म्हणजे ही पोरं येणार नाहीत."

मी म्हटलं, "साहेब, कड कच्ची आहे. दगड फुटेल."

त्यांना पटलं. पुढचं काम कदाचित दुसऱ्याला देतील, देऊ देत. पण तुमच्या हाताखाली शिकून स्वतःच्या कामाला कच्चं म्हणालो, तेवढं पोटात घाला.

तुमचा धाकटा