मागचं डावं दार

दादा,

तू बेपत्ता झालास तेव्हा तुझी गाडी पुलाजवळ सापडली. तू नाहीस, आरसी बुकही नाही. आई म्हणते, विकून टाक, दारात उभी बघवत नाही. नव्या आरसीसाठी मी अर्ज केलाय, पण कागद नाहीत म्हटलं की गिऱ्हाईकं पाठ फिरवतात.

आज एक जण आला. गोडबोल्या. "कागद येऊ द्या की सावकाश," म्हणाला आणि मागचं डावं दार उघडून आत बसला.

ते दार गुडघ्याने रेटून हँडल वर उचलल्याशिवाय उघडत नाही. मेकॅनिकनेही त्यापुढे हात टेकले होते. याने मात्र पहिल्याच झटक्यात उघडलं, खाली न बघता.

मी विचारलं, "ही गाडी आधी पाहिलीय तुम्ही?"

"छे हो! उद्या चक्कर मारू. तुम्हीही चला."

"जा गं," आई आतून म्हणाली, "भला माणूस दिसतोय."

मी जाणार आहे, दादा. तुझा माग काढायला दुसरा रस्ता उरलेला नाही. हे पत्र तुझ्या उशीखाली ठेवतेय. आई अजून तुझी चादर बदलते. मी परतले नाही तर तिला सापडेल.

तुझीच,
धाकटी