बुढ्याच्या गाडीचा भोंगा

१० जुलै १९८१
वरठीच्या मंडपवाल्यानं नवं मशीन आनलं अन् जुनं आमच्या बुढ्याच्या गळ्यात घातलं. लग्नात गाने वाजवाचं. आत काचेच्या नळ्या, लाल होईस्तोवर घडीभर गुरगुरते, मंग कुठं आवाज. वरून भोंगा. कायले? त बुढ्याच्या खेळन्याच्या गाडीले आवाज पायजे. रेल्वेत सांधे बदलता बदलता नोकरी संपली, हौस संपली नाही. ओसरीभर पाट मांडून रूळ टाकले, तेलाच्या पिप्याचे डब्बे, घड्याळाच्या कमानीवर चालनारं इंजिन. मानसाले बसाले जागा नाही. इंजिन बोटाएवढं, भोंगा घमेल्याएवढा. उंदराले हत्तीची सोंड.

१३ जुलै
बुढा मंडपवाल्याचं टेपाचं मशीन मांगून घेऊन वावराजवळच्या रुळावर गेला. संध्याकाळची पाशिंजर भरून आनली. शिटी, धापा, सगळं.
"कोयश्याचं इंजिन बंद होऊन राहिलं. डिझेल येनार. मंग हा आवाज कुठं आयकशीन?"
म्या म्हटलं, जलमभर आयकला, कान किटले.
टेपात शिटीच्या मांगून माहाबी गळा आला. "अवो, बैल पान्यात गेले!" पुसून टाका म्हटलं. म्हनते, पुसलं त शिटी जाईन. म्हनजे शिटी मोठी, बायको लहान. बरं.

१८ जुलै
धानाचा रोवना सुरू. सोनाबाई तिच्या बाया घेऊन आली. बांध घातलेल्या तीन बांध्या रोवाच्या, चौथ्या दिवसापासून त्या दुसऱ्याच्या वावरात. पऱ्ह्याची रोपं पिवळी पडून राहिली. आता हुकलं त यंदा धान नाही.
पाशिंजर बोंबलली का बाया पाय धुतेत. अन् धुतलेला पाय त्या दिवशी परत चिखलात जात नाही. सोनाबाईच्या सासूपासून हाच कायदा. घड्याळ कोनाजवळ हाये?
पहिली बांधी झाली.

१९ जुलै
आभाळ भरलेलं, दिवस कुठं आला पत्ता नाही. दुसरी बांधी अर्धी झाली अन् घराकडून शिटी. बुढ्यानं भोंग्यावर टेप लावली! बाया ताठ. पेंढ्या टाकल्या, चालल्या नाल्यावर.
"अवो सोने, ते खेळनं हाये!"
"खेळनं असं बोंबलते का काकी? गाडी गेली."
पाय धुवून झाले अन् साऱ्या शिवारात माहाच गळा. "अवो, बैल पान्यात गेले!"
बाया पोट धरून हासल्या. "काकी, तुमी इथं, मंग घरी कोन बोंबलते?"
पटलं ना? पटलं. पन पाय धुतले होते.
खरी पाशिंजर गेली तवा बांधावर मी अन् उपटलेले पऱ्हे.
घरी गेली त बुढा खुशीत. "एवढ्या दूर आयकू आला का वो?"
मशीनच्या नळ्या उपसल्या, तांदळाच्या कोठीत पुरल्या.

२० जुलै
आज पाशिंजरले डिझेल. म्हशीवानी रेकून गेलं. बाया वाकलेल्याच. एकीनंबी मान वर केली नाही. त्याईची गाडी बोंबललीच नाही ना! म्या तोंड शिवलं. दुसरी बांधी पुरी झाली, तिसरीबी तुकडाभर सोडून लावली.
अंधारलं तवा सोनाबाईनं कंबर सरळ केली. "काकी, गाडी लेट हाये का वो?"
"असंन."
बुढा कंदील घेऊन आला होता. मधीच म्हनते, "गेली ना केवाचीच. डिझेल होतं."
मानूस हाये का बैल. बैल तरी बोलत नाही.
बाया पाय न धुताच गेल्या.

२१ जुलै
तिसऱ्या बांधीचा तुकडा राहिला. आज बायाइचा दुसऱ्याच्या वावराचा दिवस, तरी सकाळीच सोनाबाई अंगनात, मांगं बाया.
"काकाजी, आता तुमचाच भोंगा. तो वाजला का आमी पाय धुनार. केवा वाजवाचा ते मी सांगीन, काकी नाही. भोंगा नाही, त राहिलेलं तुमचं तुमी रोवा."
बुढ्याची छाती भोंग्याएवढी झाली. रेल्वेची जुनी टोपी काढून घातली. देव्हारा उघडावा तसं मशीनचं झाकन उघडलं. आत नळ्या नाही, नुसते भोकं. माह्याकडं पाहून राहिला. बायाबी माह्याकडं. पाय कोरडे, एकबी फाटकाबाहेर हालत नाही.
कोठीत कोपरापर्यंत हात घातला. एक नळी लागली. दुसरी कुठं पुरली, मलेच आठवत नाही; साऱ्या बायाइच्या पुढं तांदूळ उपसून राहिली.