अकरावं लुगडं

कोल्हापूर,
बुधवार, १० सप्टेंबर २०२५

तीर्थस्वरूप अक्काताई,

जय जिनेंद्र. इकडे सगळे ठीक. यांचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण जिना चढतात. अनुजाचं पुण्यात कॉलेज सुरू झालं. तात्यासाहेब भाऊजींचा खोकला कसा आहे? तुम्ही दिलेल्या शिकेकाईचा डबा कालच तळाला लागला.

क्षमावणीला माफी मागायचा निरोप जिनूच्या फोनवर पाठवला होता, तो त्यानं दाखवला असेल. फुलं आणि जोडलेले हात. तोच निरोप मी एकाच वेळी ब्याण्णव जणांना पाठवला. त्यातल्या नव्वद जणांचा मी काही अपराध केला असेल असं मला वाटत नाही. म्हणून तुम्हाला हे पत्र वेगळं. पण आधी दुसरं सांगते.

आमच्या कागलच्या कारखान्यात पर्यावरण सप्ताह झाला. प्रत्येकानं कॉम्प्युटरवर एक तक्ता भरायचा: काय खाता, कशातून आणता, कशानं येता-जाता, वर्षाला किती कपडे घेता. आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो ते शेवटी कळतं, आणि सगळं जग आपल्यासारखं वागलं तर किती पृथ्व्या लागतील तेही. मला साडेतीन लागल्या. शेजारच्या धैर्यशीलला चार. तो म्हणाला, "मॅडम, तुमची उरलेली अर्धी मला द्या की."

मग गंमत म्हणून तुमच्या नावानं भरला. दूध कशातून आणता? पिशवी, बाटली, खोका. गोठ्यातून चरवीत, असं उत्तरच नव्हतं. नवे कपडे? सगळ्यात कमी म्हणजे 'वर्षाला पाचपेक्षा कमी'. तुम्ही तर चार-पाच वर्षांत एखादं लुगडं घेता. सगळं भरून झालं तर लाल अक्षरांत प्रश्न आला, माहिती अपुरी आहे का? मी हसले आणि मग हसू आपोआप थांबलं.

साहेबांनी ते पाहिलं आणि मला सांगितलं, सगळ्यांसमोर बोला. मी बोलले, अक्का. माझी थोरली जाऊ हातकणंगल्याजवळ मळ्यात राहते, असं सुरू केलं. साडीला अजून लुगडंच म्हणते, आणि लग्न झाल्यापासून तिचा नेम आहे, पेटीत अकराच लुगडी. एक झिजून गेल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही. आणि झिजणं म्हणजे काय तेही सांगितलं. नेसून विरलं की त्याची वाकळ होते, वाकळीतून उरलेल्याचं पोतेरं, पोतेऱ्याचा चुलीत जाळ, आणि त्या राखेनं तुमची पितळी भांडी लखलखतात. एकीनं विचारलं, त्यांना पर्यावरणाचं कुणी शिकवलं? मी तुमचंच वाक्य सांगितलं. "अगं, घेतलं की सांभाळायला लागतंय. मी लुगडी सांभाळू का माणसं?" लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बक्षीस म्हणून मला कापडी पिशवी मिळाली. ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली होती.

पिशवी हातात घेऊन मी लगेच खाली बसले. कारण सगळं सांगितलं, पण गेल्या वर्षीचा मे महिना सोडून.

आमच्या फ्लॅटच्या गृहप्रवेशाला तुम्ही चार दिवस आला होता. मी सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटत होते, तुम्ही आपला तांब्या पुढे केलात. "ह्यात वत बाई, ती बाटली तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे." यांच्या ऑफिसची मंडळी हसली आणि मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी आणखी पाहुणे यायचे होते. बाल्कनीत तुमचं हिरवं लुगडं वाळत होतं, पदराला दोन ठिगळं, हॉलमधून सरळ दिसणारं. खाली बोहारीण ओरडत होती. मी ते तिला दिलं, अक्का, आणि एक निळा टब घेतला.

तुम्हाला सांगितलं, वाऱ्यानं उडालं असेल. आणि तुम्ही उन्हात तासभर खाली शोधत होता. झाडावर पाहिलंत, वॉचमनला विचारलंत, शेजारच्या गच्चीवर जाऊन आलात. मी वरून बघत होते. तुमच्या पिशवीत मी नवी साडी ठेवली, म्हटलं हिशोब अकराचा अकरा राहिला.

निघताना तुम्ही न्हाणीघरात हात धुतलेत आणि म्हणालात, "टब चांगला हाय गं. जपून वापर."

बस, एवढंच. त्यानंतर मी मळ्याकडे आले नाही. कामं आहेत, अनुजाची परीक्षा आहे, कारणं तुम्हाला तोंडपाठ असतील.

काल जिनूचा फोन आला. माझ्या भाषणाचा व्हिडिओ त्यानं तुम्हाला दाखवला म्हणे. "काकी, लई भारी बोललासा. पण आकडा चुकला. अकरा न्हाय, दहाच हायत." मी विचारलं, का रे? म्हणाला, "आई म्हणती, एक झिजलं न्हाई, माझ्या हातनं हरवलं. मग त्याची जागा भरायची न्हाई." मी दिलेली साडी तुम्ही घडीसुद्धा न मोडता मळ्यात कामाला येणाऱ्या बनाबाईंना दिलीत, हेही त्यानंच सांगितलं. यात माझं नाव तुम्ही घरात कुणापुढे काढलं नाहीत. आणि व्हिडिओ बघून तुम्ही काय म्हणालात? "बारीक झालीया काय रं ती?"

अक्का, ते तुमच्या हातून हरवलं नाही. हे मी जिनूला फोनवरच सांगितलं. तात्यासाहेबांना मी स्वतः येऊन सांगेन. ऑफिसातही सांगणार आहे, टाळ्या परत करता येत नाहीत तरी.

आज कपाट रिकामं केलं. त्रेसष्ट साड्या. तळाशी इचलकरंजीची ती सुती साडी सापडली, अनुजाच्या वेळी डोहाळजेवणाला तुम्ही नेसवलेली. साधी दिसते म्हणून एकोणीस वर्षांत तीन-चारदाच अंगाला लागली. तुमचा अकराचा नेम मला झेपणार नाही, उगाच शब्द देत नाही. पण येत्या रविवारी तीच नेसून येते. ती नवी नाही आणि झिजलेलीही नाही. तुमच्या पेटीतल्या मोकळ्या जागी चालत असेल तर तिथेच उतरवून ठेवीन. नाही म्हणालात तर तशीच नेसून परत येईन, आणि तिचं पोतेरं होईपर्यंत मीच झिजवीन.

तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. पण चुलीशी बसायला जागा द्या.

टबाचा कान मध्यंतरी तुटला होता. तार तापवून, भोकं पाडून मी तो बांधून घेतला आहे.

टब जपून वापरणारी,
तुमची
रोहिणी