सरळ केलेली कमान

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस, आणि तिच्या रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या, माती चाळणाऱ्या, पाइप ओढणाऱ्या तमाम लेकीसुनांस, अनेक आशीर्वाद.

बायांनो, यंत्र घेताना आपलं मत कुणी विचारत नाही, आणि यंत्र बिघडलं की दोष मात्र आपल्याच हाताला! ही तक्रार मी छापखान्यातल्या कामगारांच्या सभांमधून आयुष्यभर मांडत आले. आणि आता माझ्या सख्ख्या भाचीने स्वतः निवडून, स्वतः चालवून बघून मिनी ट्रॅक्टर घरी आणला! फोटो पाहिला आणि मी अशी काही ओरडले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा चहा प्रुफांवर सांडला. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि मग त्याही ओरडल्या.

पण भिंगरे, फोटो मी नुसता पाहिला नाही, तपासला. प्रुफं तपासणं हा पोटापाण्याचा धंदाच माझा. सीटमागची लोखंडी कमान दुमडून मागे का पाडली आहेस? ट्रॅक्टर उलटला तर तुझं डोकं आणि जमीन यांच्या मध्ये तेवढी एकच गोष्ट उभी राहणार आहे. ती आडवी झोपवून ठेवायची होती, तर कारखान्याने तिला उभी करायच्या पिना कशाला दिल्या? शेतीयंत्रांची माहितीपुस्तकं आमच्याकडेच छापतात आणि मी ती कादंबरीसारखी वाचते, हे तुला ठाऊक आहे. म्हणून ऐक. कमान उभी असताना कमरेचा पट्टा बांधल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. झाडांखालून जाण्यापुरती कमान दुमडलीस तर पट्टा सोडायचा, नाहीतर उलटल्यावर तो तुला यंत्राखालीच धरून ठेवेल. आणि कमान दुमडलेली असताना उतारावर जायचं नाही, म्हणजे नाही. टायरमधली हवा गेजने मोजत जा. दादा टायरला लाथ मारून हवा ओळखतो, ती विद्या त्याच्यापाशीच राहू दे.

माझा लोभ कायमचा उभा आहे, तशी तुझी कमानही असू दे.

तुझी आत्या


९ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कुंड्या भरायच्या टेबलावर उभी राहून मोठ्याने वाचलं! टाळ्या पडल्या. माती चाळणाऱ्या मावशी म्हणाल्या की अशी आत्या सगळ्या गल्लीत मिळून एक असली तरी पुरे, दोन झाल्या तर कुणाला झोप लागायची नाही.

कमानीचं कारण साधं होतं. शेडचं दार बुटकं आहे. आत शिरायला ती पाडावी लागते आणि एकदा पाडली की पुन्हा उभी करायचा कंटाळा येतो. बाबांना विचारलं तर ते कापायचं यंत्र घेऊनच बाहेर आले. म्हणाले, वीतभर छाटून देतो. वेल्डर माणूस, लोखंड दिसलं की हात शिवशिवतात. मी म्हटलं, छाटा, पण मग आत्याला तुम्हीच कळवा. यंत्र गुपचूप जागेवर गेलं! आता ट्रॅक्टर शेडबाहेर पत्र्याखाली उभा असतो, कमान ताठ.

गेज मात्र अजून आणलेलं नाही. काल बाबांच्या पद्धतीने टायरला लाथ मारली. माझा अंगठा सुजला, टायरने काहीच सांगितलं नाही.

आणि खरी बातमी! पलीकडची टेकडी आपल्याला मिळाली! सगळा उतार माझा. आधी गवत कापायचं, मग रोपं लावायची. रात्री डोळे मिटले की मला तिथे झाडंच दिसतात.

नमस्कार, आणि थोडा धाक शिल्लक असेल तर तोही पाठवत राहा.

तुझी भिंगरी


१७ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

आधी हे वाच. मी धडधाकट आहे. कमरेवर पट्ट्याचा वळ आहे, बस्. आता बाकीचं ऐक, मला तर सांगताना अजून एका जागी बसवत नाही!

मंगळवारी टेकडीवर गवत कापत आडवी चालले होते. उताराकडचं मागचं टायर जरा बसल्यासारखं वाटत होतं. सकाळी लाथ मारली तेव्हा आवाज बरा आला होता, म्हणून मनावर घेतलं नाही. तेच चाक एका खळग्यात गेलं आणि आकाशाच्या जागी टेकडी आली. उडी मार, उडी मार, असं अंगातलं हाडन् हाड ओरडत होतं. पण पट्टा होता ना! त्याने मला सीटवर दाबून धरलं, कमान जमिनीत रुतली आणि ट्रॅक्टर कुशीवर पडून तिथेच थांबला. थांबला, आत्या! खाली सगळा उतार पडला होता. मी लटकत लटकतच इंजिन बंद केलं आणि हसायला लागले, ते थांबेचना. मावशी धावत आल्या, मी हसते आहे हे बघून त्यांनी मला एक चापट दिली आणि मग स्वतःच रडत बसल्या.

शेजारच्या बागवानांनी नंतर गेज लावून पाहिलं. त्या टायरमध्ये दुसऱ्याच्या निम्मीच हवा होती. व्हॉल्व्हपाशी बारीक गळती. बाहेरून बघशील तर दोन्ही टायर जुळ्या बहिणी! आता गेज माझ्या खिशात असतं. काम सुरू व्हायच्या आधी, टायर थंड असतानाच, चारही चाकं मोजते, चिरा आणि फुगवटे बघते, नटांना पाना लावते. हवा भरताना लांब नळी लावून बाजूला उभी राहते. शाबास म्हण!

बाबा टेकडीवर आले, मला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. वाकलेली कमान सोडवून खांद्यावर टाकली आणि वर्कशॉपचं दार लावून घेतलं. आतून नुसता हातोडा ऐकू यायचा. आज ते बाहेर आले, कमान सरळ, वर लाल रंग! वाक कुठे होता ते शोधून दाखव, म्हणाले. मला सापडला नाही. मी त्या कमानीला मिठी मारली, खरंच मारली. हिने मला वाचवलं, आता माझ्या डोक्यावर हीच राहणार. बाबांनी ती लगेच बसवलीसुद्धा. नव्या महिन्यात पुन्हा टेकडी!

तुझ्या पट्ट्याने वाचलेली,
भिंगरी


२० फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

धाकट्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थोरल्यांनी थांबायचं नाही, अशी आपल्या घरातली रीत. म्हणून लिहिते आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

भिंगरी वाचली! तिचं पत्र घेऊन मी छापखान्याच्या जिन्यात बसले. आत यंत्रं धडधडत होती, त्यामुळे पोटभर रडता आलं. मग डोळे पुसले, शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला आणि ताडकन उठले.

दादा, ती कमान आता कामाची नाही. लोखंड मी तुला शिकवणार नाही. वाकवलेली तार सरळ केली तर आधीसारखी दिसते, पण आधीसारखी राहत नाही, हे लहानपणी मला तूच दाखवलं होतंस. त्या कमानीत जे बळ होतं ते तिने मंगळवारी टेकडीवर खर्च केलं. वर तू तिला तापवलंस, ठोकलंस. पुस्तकात स्वच्छ लिहिलं आहे की वाकलेली किंवा तडकलेली कमान सरळ करू नये, तिला वेल्डिंग करू नये, भोक पाडू नये. त्याच मॉडेलची नवी बसवावी. तू काम सुरेखच केलं असशील. त्याचीच मला भीती वाटते! वाकडी राहिली असती तर तिच्यावर कुणी विसंबलं नसतं. सरळ दिसते म्हणून पोर तिच्या भरवशावर पुन्हा उतारावर जाईल.

तुला हा अपमान वाटेल. वाटू दे. तुझ्या हाताच्या कसबाची साक्ष मी भर सभेत देईन, पण या एका कामाची देणार नाही. नवी कमान येईपर्यंत ट्रॅक्टर टेकडीवर जाता कामा नये.

रागाव हवा तेवढा, लोभ मात्र शाबूत ठेव.

तुझी धाकटी


२५ फेब्रुवारी

चि. तोफेस, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फाडणार होतो. हात काळे होते म्हणून आधी धुवायला गेलो, आणि परत येऊन पुन्हा वाचलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. एवढी वर्षं लोखंड जोडतोय, आणि प्रुफं वाचणारी बहीण मला सांगणार!

काल शेजारचे बागवान आले. त्यांचा ट्रॅक्टर जुना, त्याला कमानच नाही. म्हणाले, भिंगरीला कधी नवी घेतलीत तर ही आम्हाला द्या, आमच्या ट्रॅक्टरला जोडून टाका. हिने एक जीव वाचवलाय, पायगुण चांगला आहे. त्यांच्याकडे ट्रॅक्टर त्यांची थोरली लेक चालवते. मला बरं वाटलं. हो म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हणालो, नको, वाकलेली आहे ती. ते हसले. म्हणाले, कुठे वाकलीय, दोरी लावल्यासारखी सरळ आहे की! मी म्हणालो, कुठे ते मला माहीत आहे.

ते गेल्यावर उमगलं. दुसऱ्याच्या लेकीला द्यायला माझा हात धजला नाही, आणि स्वतःच्या लेकीच्या डोक्यावर तीच कमान बोल्ट आवळून बसवली होती. तुला म्हणून सांगतो. त्या मंगळवारी माझे हात थरथरत होते. हातोडा धरला की थांबायचे. म्हणून ठोकत राहिलो.

आज बोल्ट काढले. नवी कमान मागवली आहे. ती बसेपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्ये आणि किल्ली माझ्या खिशात. भिंगरीने घर डोक्यावर घेतलंय. टेकडी वाट बघतेय म्हणे. मी म्हटलं, टेकडी कुठे पळून जात नाही.

पण जुनी कमान तिला रोपवाटिकेच्या भिंतीवर टांगायची आहे, आठवण म्हणून. भिंतीवर राहिली तर उद्या कुणीतरी उतरवून कुठल्यातरी ट्रॅक्टरला लावणार. माझंच काम इतकं चांगलं झालंय की कुणाला संशय येणार नाही. ती कापलीच पाहिजे. सकाळपासून दोनदा यंत्र हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पोरीला वाचवणाऱ्या लोखंडावर माझ्याने ते चालवत नाही.

सभेत माणसं उठवून उभी करतेस, तर आता भावालाही उभा कर. येत्या रविवारी ये. कापायचं मी कापतो. एक टोक भिंगरी धरेल, दुसरं तू धर. लोभ पत्रातून पाठवू नकोस, बरोबर घेऊन ये, आणि जाड हातमोजे आण.

तुझा दादा