मुतवल्लीचं बदक

तांता, ३ ऑक्टोबर १९८९

ती. रौहिया अब्ला हिस,
अतियातचा सलाम वि. वि.

ह्या खेपेला तुझी खुशाली विचारत नाही, कारण माझीच राहिलेली नाही. थोरली बहीण म्हणून तू दिलेलं मी कधी नाकारलं नाही, पण आजारी कोंबडी गळ्यात बांधशील असं वाटलं नव्हतं. रमजानात ही सिमसिमा घेऊन आलीस. अंगावर तीळ पेरल्यासारखे ठिपके, म्हणून अम्मानेच ते नाव ठेवलं. म्हणालीस, दाणे टाक, बाकीचं ती बघेल. काय बघते ती? आठ दिवस झाले, गच्चीच्या कोपऱ्यात मान वेळावत बसते. अंडं बंद. गळ्याखालची पिशवी लिंबाएवढी होती ती संत्र्याएवढी झाली आहे. दाबून बघितली तर मळलेल्या कणकेसारखी घट्ट.

शेजारच्या गच्चीवरची उम्म हिशाम म्हणते, आज कापून खा, उद्या खाण्यासारखीही राहणार नाही. मी कापली असती. पण ह्या कोंबडीशिवाय अम्मा कुणाशी बोलत नाही, माझ्याशी तर नाहीच. तिचं ताट रोज चाटून पुसल्यासारखं रिकामं येतं, तरी अंगावर मांस म्हणून दिसत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात.

परवा सिमसिमाला पूर्ण दिवस उपाशी ठेवलं, खजुरीच्या काड्यांच्या पिंजऱ्याखाली, नुसत्या पाण्यावर. सकाळी रोटीच्या रांगेतून आले तर पिशवी आणखी मोठी. उपाशी कोंबडी फुगते कशी, हे मला सांग.

आणि आपल्या भावाचं, मुतवल्लीचं काय? कापूस वेचून झाला की बगदादहून घरी येतो, असं त्याचं पत्र तू अम्माला वाचून दाखवलंस. ती रोज विचारते, शेतात कापूस किती राहिला. मी शहरात राहते, मला कापूस दिसतो का?

दसूकीच्या गाडीबरोबर पत्र देते आहे. त्याच्याच हाती उत्तर दे.
तुझी,
अतियात


कफ्र साबिर, ६ ऑक्टोबर

चि. अतियात हिस,
रौहियाचा अ. दुवा.

तुझं पत्र वाचताना दसूकी समोर उभा होता. म्हणाला, बाई पत्रातसुद्धा ओरडतात.

आता ऐक. कोंबडीची पिशवी संध्याकाळी भरते आणि पहाटेपर्यंत रिकामी होते. हे तुला ठाऊक नसणार, कारण माहेरी तू कोंबड्यांमागे फक्त शिव्या घेऊन धावायचीस. पिशवी पखालीसारखी लुळलुळीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल, तर आतलं आंबलं. कणकेसारखी घट्ट असेल, तर आतलं अडकलं. तुझ्या कोंबडीचं अडकलं आहे. कोमट पाण्यात तेलाचे दोन-चार थेंब टाक, चोचीच्या कडेने थेंबथेंब सोड आणि मग बोटांनी हलकं चोळ, गोळा सुटेपर्यंत. हलकं म्हणजे हलकं, धुणं पिळतेस तसं नाही. उम्म हिशाम उलटी धरून झटकायला सांगेल. तसं केलंस तर पाणी श्वासात जाईल आणि कोंबडी तुझ्या हातातच जाईल. दोन दिवस दाणा नको.

आणि पिशवी तू केव्हा बघतेस? रांगेतून आल्यावर. उद्यापासून रांगेला जाण्याआधी बघ. उपाशी कोंबडी आपोआप भरत नाही, बाई. कुणीतरी भरतं आहे.

मुतवल्लीचं सवडीने लिहीन. तोवर अम्मापाशी तो विषय काढू नकोस.
माया आहे तशी राहू दे.
रौहिया


तांता, ११ ऑक्टोबर

ती. अब्लास सलाम वि. वि.

कुणीतरी भरतं आहे म्हणालीस, म्हणून मी आधी उम्म हिशामला धरलं. तिच्या गच्चीवरून रोटीचे तुकडे येतात असा माझा संशय. दोन जिने ऐकतील असं भांडण झालं. ते फुकट गेलं. आता ती माझ्याकडे बघतही नाही.

तेल-पाणी केलं. हलकं चोळलं, हलकंच, शपथेवर सांगते. रविवारी पहाटे रांगेला जाण्याआधी पिशवी बघितली तर अर्धी उतरली होती, मऊ. मी मनात तुला दुवा दिला, ती परत घेते. कारण रोटी घेऊन आले तर पिशवी पुन्हा दगड.

सोमवारी रोटीची थैली खांद्याला लावून बाहेर पडल्यासारखं केलं आणि खालच्या जिन्यात उभी राहिले. भिंत धरल्याशिवाय जिला मोरीपर्यंत जाता येत नाही, ती आपली अम्मा आदल्या संध्याकाळचं ताट ओढणीखाली घेऊन गच्चीवर चढली. मी मागोमाग गेले. पिंजरा बाजूला सारून ती खाली बसली होती. सिमसिमाला दोन गुडघ्यांत दाबलं होतं, एका हाताने चोच उघडली होती आणि अंगठ्याने भिजलेला मका आत ढकलत होती. मग रोटीचा ओला गोळा. मग स्वतःच्या तोंडातलं पाणी तिच्या चोचीत. ईदसाठी आपल्याकडे बदकं कोंबून भरवतात, लठ्ठ व्हावीत म्हणून, तसं, अगदी सराईत. हात एकदाही चुकला नाही.

कोंबडीला असं कुणी भरवतं का, अब्ला? मी ओरडले. तिने वर बघितलं नाही. म्हणाली, "हळू बोल, बदक बिथरेल. अजून हलकं आहे. मुतवल्ली आल्यावर काय हाडं चघळेल?"

गच्चीला कुलूप लावलं आहे. आता ती दाराशी ताट घेऊन उभी राहते. मी मारते तरी का तिला, नाही ना? पण तशी बघते.

मुतवल्लीच्या पत्रात काय आहे ते लिही. सवड काढ.
अतियात


कफ्र साबिर, १५ ऑक्टोबर

चि. अतियातला दुवा.

पत्रात चारच ओळी होत्या. तिकडे लग्न केलं, मुलगा झाला, आता परत येणं नाही, अम्माला तूच काय ते सांग. मी वाचायला बसले तेव्हा अम्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो? पण मी कागदावरून नजर काढेना, तिला वाटलं, पुष्कळ लिहिलं आहे. मग माझ्या तोंडून तो कापूस निघाला. तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या पोटात काही राहत नाही.

सिमसिमाचं: चोळून सुटत नसेल तर कापावं लागेल. पिशवीवरची पिसं काढ, नव्या ब्लेडने बोटाच्या पेराएवढी चीर दे, आतलं काढून मिठाच्या पाण्याने धू. सुई उकळून घे. आधी पिशवी शिव, मग वरचं कातडं. दोन्ही एकत्र शिवू नकोस. वाचतात, सगळ्या मरत नाहीत.

मला रागाव, पण अम्माला काही बोलू नकोस.
रौहिया


तांता, २२ ऑक्टोबर

ती. अब्ला,
सलाम वि. वि.

सोमवारी कापली. उम्म हिशामने पाय धरले. भांडण असूनही आली, एवढं तिचं लिहून ठेवते.

आत काय होतं ते वाच. मका होता, तो धरूनच होते. पण मंगळवारी मी अम्माला दिलेला भात होता. बुधवारचं खारं चीज होतं. शुक्रवारी तिच्यासाठी तासभर शिजवून, बोटांनी सोलून दिलेला मटणाचा तुकडा होता, तसाच्या तसा, दात न लागलेला. गच्चीला कुलूप होतं, पण दाराखालून हात जातो, आणि सिमसिमा आपण होऊन त्या हाताशी जाऊन बसायची. अम्माची रिकामी ताटं बघून मी अल्लाचे आभार मानत होते, अब्ला. तिच्या पोटात त्यातलं काही गेलंच नव्हतं. आठवड्याचं जेवण मी कोंबडीच्या गळ्यातून बशीत काढलं.

दोन्ही शिवणी वेगवेगळ्या घातल्या, तू सांगितलंस तशा. पहिल्या दिवशी ती उभी राहिली, पाणी प्यायली. मला वाटलं, हे एक तरी जमलं. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसली. गुरुवारी दुपारी गेली. वजन हातात लागत नव्हतं.

अम्मा रिकाम्या पिंजऱ्यापाशी बसते. मी ताट वाढते, ती अर्धं बाजूला काढते, मग सगळंच काढते. बदक चोरीला गेलं असं तिला वाटतं. उम्म हिशामवर वहीम आहे. काल डॉक्टर येऊन गेला. म्हणाला, खायला घाला. मी म्हणाले, तुम्ही घालून दाखवा. त्याने आपली बॅग उचलली आणि गेला.

आता मला दुसरं बदक आण म्हणते. खरं बदक, पांढरं, ह्या वेळी चांगलं भरेन म्हणते. आणलं, तर आपल्या तोंडचा घास त्याला कोंबत कोंबत ती जाईल. नाही आणलं, तर मुतवल्ली येत नाही हे कुणीतरी तिला सांगायला हवं, आणि ते ऐकून ती कशासाठी जेवेल ते मला दिसत नाही. मी तोंड उघडलं होतं. तिने विचारलं, कापूस किती राहिला. मी म्हणाले, थोडा आहे. आता तुझ्यासारखीच मीही झाले.

इथला पक्ष्यांचा बाजार गुरुवारी भरतो. सकाळी नऊपर्यंत बदकं मिळतात. एक तर तू येऊन, तेच पत्र हातात धरून, चारच ओळी वाच. नाही तर बदक घे म्हणून दोन शब्द लिहून दे, म्हणजे ते एकट्या माझ्या माथी राहणार नाही. माया आहेच, ती कुणी मागत नाही. दसूकी बुधवारी संध्याकाळी तिकडून निघतो. मला गुरुवारी नऊच्या आत उत्तर हवं.

अतियात