बारसं आणि वायफायचा ड्रायव्हर

३ फेब्रुवारी, सोमवार
लॅपटॉपचं वायफाय पुन्हा गेलं. येतं, दहा मिनिटं टिकतं, जातं. रविवारी मेलबर्नला आमच्या चिन्मयच्या मुलाचं बारसं. आपल्याकडे सकाळी साडेदहा. नाव तोवर गुप्त. आमची लेक केतकी बाळाची आत्या म्हणून इथूनच व्हिडिओवर त्याच्या कानात सांगणार, म्हणून इथे फक्त तिलाच माहीत. सौ. अलका म्हणते, केतकीच्या मोबाइलवर बघू. पहिल्या नातवाचं बारसं वीतभर मोबाइलवर? मुळीच नाही. लॅपटॉप टीव्हीला जोडणार. बँकेत पहिला कम्प्युटर आला तेव्हा त्याचं कव्हर मीच काढलं होतं.

४ फेब्रुवारी
निदान झालं. राउटर निर्दोष. दोष ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉपला वायफाय चालवायला शिकवणाऱ्या प्रोग्रामचा. नवा उतरवून घेतला की झालं. उतरवायला वायफाय लागतं. हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

५ फेब्रुवारी
घरून, म्हणजे नानाखेड्याहून, पार टॉवर चौकातल्या बाजारात गेलो. दुकानात ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर भरून घेतला. दुकानदार म्हणाला, अंकल, लॅपटॉप ही ले आते, दस मिनट का काम है. नुसता हसलो. अलकानं बाळासाठी भैरवगढच्या छापाची दुपटी आणायला सांगितली होती, ती राहिली. माणसानं एका वेळी एकच काम करावं.

६ फेब्रुवारी
ड्रायव्हर घातला. आता वायफायचं चिन्हच दिसत नाही. एका अर्थी प्रगती. आधी येतंय की जातंय ते कळत नव्हतं.

७ फेब्रुवारी
केतकी ऑफिसातून आली. जुनाच ड्रायव्हर परत आणला, वीज वाचवायची कसलीशी खूण काढली. चहा होईपर्यंत वायफाय सुरू. अर्धं काम मी करून ठेवलं होतं म्हणून जमलं. म्हणाली, बाबा, आता रविवारपर्यंत प्लीज हात लावू नका.
संकल्प: हात लावणार नाही.

८ फेब्रुवारी
हात लावला नाही. फक्त बघितलं. दिवसभरात एकदाही तुटलं नाही. हेच खटकतंय.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी ९.५०
नवा ड्रायव्हर उपलब्ध असल्याचा संदेश आला. आजच्या दिवशी सगळं ताजं हवं. पाच मिनिटांचं काम.

१०.२०
पस्तीस टक्के. बंद करू नका असं लिहिलंय. मी कुठे करतोय.

१०.३५
पस्तीस. केतकीची तिसरी हाक. स्वयंपाकघरात मोबाइलवर सुरू झालंय म्हणे. दोन मिनिटं, म्हणालो.

१०.४५
आतून कुर्रर्र ऐकू आलं. मग टाळ्या. मी तसाच पस्तीसकडे बघत बसलो. अलका डोळे पुसत बाहेर आली. दिसलं का, म्हणाली. हो म्हणालो, मागे दारातच उभा होतो. नाव कसं वाटलं? अर्थपूर्ण, म्हणालो. तीही म्हणाली, हो ना.

दुपारी
शेजारचे भय्यासाहेब पेढे खाऊन नाव विचारू लागले. आजकालची नावं अशी एकदम सांगण्यासारखी नसतात, म्हणालो. ते म्हणाले, अरे भई, खुशीची बात आहे, लपवता कशाला?
घरच्या ग्रुपवर फोटो आला. पाळण्याला नावाची पाटी, तिच्यापुढे चिन्मयचं डोकं. शेवटचा 'व' तेवढा दिसतो. राघव, केशव, माधव, वैभव. खाली सगळ्यांनी किती गोड, किती गोड लिहिलंय. नाव एकानंही लिहिलेलं नाही. अलकाला विचारलं असतं, पण सकाळी अर्थपूर्ण म्हणून बसलोय.

१० फेब्रुवारी, सोमवार
लॅपटॉप आपणहून सुरू झाला. नवा ड्रायव्हर अप्रतिम. माझंच बरोबर होतं. अलकाला शेजारी बसवून चिन्मयला व्हिडिओ कॉल लावला. इतकं स्वच्छ चित्र आजवर आलं नव्हतं. बाळ जागं होतं. माझ्याकडेच बघत होतं. मला फार भरून आलं. चिन्मय म्हणाला, बाबा, त्याला नावानं हाक मारा ना, तुमच्या तोंडून त्यानं अजून ऐकलंच नाहीये.
मी लॅपटॉप मिटला आणि अलकाला सांगितलं, नेटवर्क गेलं.