मेघकवचाचे अंक शिप्रेत सोडू नयेत

मी, अरविंद त्र्यंबक नेवासकर, वय एकोणपन्नास, सिंचाई विभागात ड्राफ्ट्समन, राहणार माधव नगर, उज्जैन, हे मृत्युपत्र देवापुढे दिवा लावून, कुणाच्या दडपणाने नव्हे तर स्वतःच्या हौसेने लिहीत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. मन ठिकाणावर असल्याचे डॉक्टर विहंग मुळे यांनी तपासून सांगितले. सौ. सुनंदाचे मत थोडे निराळे आहे, पण चांगले पेन तिनेच काढून दिले. मृत्युपत्राची गरज मला यंदाच्या सर्वपित्री अमावास्येला रामघाटावर कळली. ते खाली येईलच.

कलम १. राहते घर व सर्व बचत सुनंदाची. तिच्यामागे मुलगी मधुरा हिची. यात कुणाला काही विचारायचे नाही.

कलम २. माझी कंपासपेटी, टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनांचा संच मधुराला. आता नकाशे संगणकावर निघणार म्हणतात. निघोत. तरी हाताने एक सरळ रेघ मारून पाहावी, मन शांत होते.

कलम ३. देवघरातला बाळकृष्ण सुनंदाकडे राहील. मी गेल्यावरही त्याला सकाळचा नैवेद्य माझ्या वेळेलाच दाखवावा.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. 'मेघकवच' या हिंदी कॉमिक्सचे माझ्याकडे असलेले सर्व अंक.

माझी शाळा तराण्याजवळच्या खेड्यात, देवळाच्या ओसरीवर भरायची. चित्रांचे पुस्तक एकच, तेही गुरुजींच्या हातात. त्यामुळे मधुरा लहानपणी टायफॉइडने पडली आणि टावर चौकातल्या, किरायाने पुस्तके देणाऱ्या दुकानातून मी तिच्यासाठी पहिला अंक आणला, तेव्हा ती वाचता वाचता झोपली आणि मी वाचत राहिलो. धरणावरचा एक साधा चौकीदार! दुसऱ्यासाठी हाक मारली की ढग उतरून त्याच्या अंगावर कवच होतात. स्वतःसाठी मारली तर आभाळ कोरडे. इतकी मोठी गोष्ट इतक्या भडक रंगांत कुणी सांगितली होती? तेव्हापासून मी अंक विकत घेऊ लागलो. ते दुकान आता एसटीडी बूथ आहे, आणि कॉमिक्स काढणारी कंपनीही बंद झाली. शेवटच्या अंकात मेघकवच धरणाच्या भिंतीवरून खाली पडतो आहे आणि कोपऱ्यात छापले आहे, 'शेष अगले अंक में'. तो अंक निघालाच नाही. दर रविवारी माझा मित्र श्रीनाथ खोचे आणि मी जुने अंक पसरून त्याला नव्या नव्या युक्तीने वाचवतो. माझ्या आठवड्यातला हा सर्वांत आनंदाचा वेळ आहे.

आईला हे वेड वाटत नसे. "कागद तो कागद, पाय लागू नये," म्हणून तिने अंकांना पोथीसारखा लाल रुमाल शिवून दिला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा पितृपक्षात माझे थोरले बंधू भय्यासाहेब खंडव्याहून आले आणि आईच्या जीर्ण पोथ्या शिप्रेत सोडायला घेऊन गेले. त्यांनी पोथ्यांचे आणि अंकांचे, लाल गाठोडी दोन्ही उचलली!

मी लूना दामटत रामघाटावर पोहोचलो तेव्हा पंडाजींनी अक्षता वाहण्यासाठी माझेच गाठोडे उघडले होते.

"बाबूजी, ये कौन-से देवता हैं?"

"अरू, काय हे?" भय्यासाहेब ओरडले. "आईच्या पोथ्यांत हा लंगोटवाला?"

"लंगोट नाही, भय्यासाहेब, कवच आहे ते!"

एवढ्यात पंडाजींनी पान उलटले. मग दुसरे. घाटावर दोन यजमान ताटकळले होते, पण पंडाजी मांडी घालून बसले आणि शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "पहले अगला अंक दो, फिर विसर्जन की बात करेंगे।"

अंक बचावले. पण घरी येताना एकच विचार होता: मी नसताना हे झाले असते तर? म्हणून हे मृत्युपत्र.

सर्व अंक श्रीनाथला द्यावे. ते फोडून वाटू नयेत, विकू नयेत. जो मागेल त्याला तिथेच बसून वाचू द्यावे, मात्र पोहे-जिलबीचे हात धुतल्यावर. पंडाजींना एका वेळी एक अंक घाटावर नेण्याची मुभा आहे.

कलम ५. श्रीनाथ, एक जुने भांडण इथे मिटवतो. बाराव्या अंकापासून कवच निळ्याचे हिरवे झाले ते छापखान्यातली शाई संपली म्हणून नव्हे. अकराव्या अंकात तो विषारी विहिरीत उतरला होता. हे माझे अंतिम म्हणणे आहे आणि मेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

कलम ६. आईचा लाल रुमाल मात्र माझा. माझ्या अस्थी त्यातच बांधून रामघाटावर न्याव्या. नेणाऱ्याने पाण्यात सोडण्यापूर्वी गाठोडे उघडून आत मीच आहे ना, याची खात्री करावी.

कलम ७ (आयत्या वेळी वाढवलेले). ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. हे ऐकताच श्रीनाथने पेनाला टोपण लावले. मग मी सणाला पुन्हा आलेल्या भय्यासाहेबांना विचारले. आज दसरा, अंक सरस्वतीपूजनाला मांडले होते. "कशावर सही करतोय ते पाहू तरी," म्हणत त्यांनी पहिला अंक उचलला. श्रीखंड वाढले, पुऱ्या गार झाल्या, हे पाटावर येईनात. शेवटी आले ते बोट पानात ठेवूनच.

"साक्षीदाराला काही मिळत नाही म्हणतोस?"

"नाही, भय्यासाहेब."

"मग मी सही करत नाही."

सबब भय्यासाहेबांनाही सर्व अंक वाचण्याचा हक्क देत आहे. ते वयाने माझ्याहून मोठे असल्याने त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. हक्क आजपासून लागू. दुसरा अंक त्यांनी नेलाच आहे.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) अरविंद त्र्यंबक नेवासकर

साक्षीदार:

१. (सही) चारुलता पागे, शेजारी. आपल्याला कॉमिक्सची मुळीच आवड नसल्याचे त्यांनी सहीपूर्वी सांगितले.

२. (सही) डॉ. विहंग मुळे. यांनीही तेच सांगितले. परंतु नजर टेबलावरच्या तिसऱ्या अंकावर जाऊ लागल्याने त्यांची सही घाईने घेतली.

स्थळ: माधव नगर, उज्जैन
विजयादशमी, शके १९१९, दि. ११ ऑक्टोबर १९९७